मोटारीच्या शेवटच्या रांगेत

ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणारे सात माणसांचे एक कुटुंब आहे असे समजा. आजी-आजोबा, आई-बाबा, आत्या आणि दोन मुले. रविवारी सर्वांना मोठ्या मोटारीने विरारला जीवदानीच्या दर्शनाला जायचे आहे. मोटारीत आसनांच्या तीन रांगा आहेत. बाबा चालवणार, त्यांच्या शेजारी आजोबा. मधल्या रांगेत आजी, आई आणि आत्या. उरली शेवटची रांग आणि उरली दोन मुले! हे वाटप कोणी मुद्दाम करत नाही, ते आपोआप होते. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असे करत मोटार गायमुखच्या घाटाला लागते. आजोबा म्हणतात, "काय सुरेख गाडी आहे! पोटातले पाणी हलत नाही." आणि त्याच वेळी मागून धाकट्याचा आवाज येतो, "आई, मला मळमळतंय."

यात आजोबा खोटे बोलत नाहीत आणि धाकटा नाटक करत नाही. एकाच मोटारीत, एकाच क्षणी, दोन आसनांवर दोन निरनिराळे प्रवास चालू असतात. मोटारीच्या जाहिरातीत आरामाच्या साधनांची भली मोठी यादी असते. पडदे, ध्वनिवर्धक, काचेचे छप्पर, रंगीत दिवे. ती बहुतेक पुढच्या आसनावर बसून लिहिलेली असावी असे मला नेहमी वाटते. आपण आज शेवटच्या रांगेत बसून पाहू या.

प्रथम स्प्रिंगचा विचार करू. घोडागाडीच्या काळात चाकावरचा धक्का थेट माणसाच्या पाठीत जाई. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने १८०४ साली गाडीखाली पोलादी पट्ट्यांच्या कमानी बसवल्या आणि प्रवास सुसह्य केला. आपल्याकडे टांग्याला आणि पुढे ट्रकला लागलेला 'कमानपाटा' त्याच कुळातला. (घोडबंदर हे नावसुद्धा येथल्या बंदरात होणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात.) पुण्यात तयार होणारी टाटा सुमो १९९४ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या मागच्या चाकांवर पाटेच होते. २००० साली आलेल्या टोयोटा क्वालिसमध्येही तसेच. २००५ साली क्वालिसची जागा इनोव्हाने घेतली, तेव्हा मागे पाट्यांऐवजी वेटोळ्याची स्प्रिंग आली. पाटा आणि वेटोळे यांत फरक आहेत, पण दोघांनाही लागू पडणारा नियम एकच आहे आणि तो तुम्ही घरी दोऱ्यावर करून पाहू शकता.

स्प्रिंगवर वजन ठेवले की ती दबते. हूकच्या नियमाप्रमाणे वजन दुप्पट तर दबणे दुप्पट. मोटारीच्या वजनाने स्प्रिंग जेवढी दबते त्या अंतराला आपण द म्हणू. आता मोटार खाली दाबून सोडली तर ती वरखाली डोलते आणि तिच्या एका डोलण्याला लागणारा वेळ, म्हणजे आवर्तकाल, बरोबर द लांबीच्या लंबकाएवढा असतो! स्प्रिंग २५ सेंमी. दबली असेल तर २५ सेंमी. लांबीचा दोरा घ्या, त्याला एक नट बांधा आणि झुलवा. सुमारे एका सेकंदात एक झोका पुरा होईल. मऊ मोटार अशी डोलते. आता दोरा ५ सेंमी. करा. झोका साडेचार दशांश सेकंदात पुरा होतो, म्हणजे सेकंदाला दोनांहून जास्त झोके. ही झाली कडक मोटार. मोटारीला हात न लावता दोन दोरे टांगून तिचा स्वभाव कळतो, हे मला भौतिकशास्त्रातील एक गोड आश्चर्य वाटते.

यांतला कोणता झोका सुखाचा? आपण चालतो तेव्हा सेकंदाला दोनच्या आसपास पावले टाकतो आणि प्रत्येक पावलाबरोबर डोके किंचित वरखाली होते. या तालाची शरीराला जन्माची सवय आहे. म्हणून सेकंदाला एक ते दीड वेळा होणारे वरखाली डोलणे आपण सहज सोसतो. सेकंदाला चार ते आठ या वारंवारतेची कंपने मात्र फार त्रास देतात, कारण पोटातील व छातीतील अवयवांची स्वतःची वारंवारता त्या घरात येते आणि अनुनादामुळे ते जास्तच हिंदकळतात. याउलट पाच सेकंदांत एक अशी अगदी संथ हालचाल हाडांना काहीच करत नाही, पण मळमळ आणते. समुद्रावर बोट लागते ती हीच.

आता सात माणसांच्या मोटारीची अडचण पाहा. आईबाबा दोघेच बाजारात गेले तर मागच्या स्प्रिंगवर फक्त मोटारीच्या मागच्या भागाचे वजन असते. सातजण आणि त्यांच्या पिशव्या चढल्या की पाचशे किलोग्रॅमपर्यंत वजन वाढते आणि त्यातले बहुतेक मागच्या चाकांवर येते. समजा, रिकामेपणी मागच्या स्प्रिंगवर ७०० किग्रॅ. आहेत आणि ती १० सेंमी. दबलेली आहे. तिचे डोलणे सेकंदाला साधारण १.६ वेळा. भरल्यावर वजन १,१०० किग्रॅ. झाले तर दबणे १५.७ सेंमी. आणि डोलणे सेकंदाला १.२६ वेळा. म्हणजे भरलेली मोटार जास्त मऊ! एसटीने प्रवास करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. रिकाम्या गाडीत मागच्या बाकावर उडायला होते, आणि तीच गाडी जत्रेच्या दिवशी खचाखच भरली की खड्डे कमी वाटतात.

मग कारखानदाराने मुळातच मऊ स्प्रिंग का घालू नये? कारण सात माणसे बसल्यावर ती मोटार जमिनीला टेकेल. वरच्या उदाहरणातही मागचा भाग जवळजवळ ६ सेंमी. खाली बसला. त्याबरोबर मोटारीचे नाक वर उचलले जाते आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. पुष्कळ मोटारींत चालकासमोर ०, १, २, ३ असे आकडे असलेले एक छोटे चाक असते. ते फिरवून दिव्यांची पातळी खाली आणायची असते. आरामाच्या यादीत त्याचे नाव कोणी घेत नाही. रात्री परतताना तुमच्या मोटारीत ते कोणत्या आकड्यावर आहे ते पाहा. बहुतेक शून्यावर असेल.

स्प्रिंग नुसती असून भागत नाही. एकदा हलली की ती हलतच राहील. तिला शांत करणारे साधन म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बर, गॅरेजातल्या भाषेत 'शॉकप'. त्यात दट्ट्या तेलात वरखाली होतो, तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते आणि डोलण्याची ऊर्जा उष्णतेत जाते. याला अवमंदन म्हणतात. उभ्या मोटारीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन एकदा स्थिरावला तर शॉकप ठीक. दोन-तीनदा डोलला तर संपला. तो संपला असेल तर घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर फार जाणवते. जड वाहनांच्या सततच्या वाहतुकीने डांबरावर लांब लाटा उठतात. समजा अशा दोन लाटांमध्ये ६ मीटर अंतर आहे आणि मोटार ताशी २४ किमी. वेगाने जात आहे. मग सेकंदाला १.१ लाटा चाकाखालून जातील, म्हणजे जवळपास मोटारीच्या स्वतःच्या वारंवारतेइतक्याच. येथे पुन्हा अनुनाद. पाळण्याला योग्य वेळी झोका द्यावा तशी प्रत्येक लाट मोटारीला झोका देते. वेग थोडा कमी केला की तोच रस्ता सौम्य होतो.

एवढे झाले तरी शेवटच्या रांगेलाच जास्त का बसते, हे अजून सुटलेले नाही. त्यासाठी ३० सेंमी.ची पट्टी आणि दोन पेन्सिली घ्या. एक पेन्सिल पट्टीच्या १ या खुणेखाली, दुसरी २८ या खुणेखाली ठेवा. या झाल्या मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्या. मोठ्या मोटारीत त्यांमधील अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणजे तुमची पट्टी सुमारे दशांश मापाची मोटार झाली. १४ वर बाबा, २२ वर आजी, २९ वर धाकटा. शेवटची रांग मागच्या चाकाच्या वर किंवा किंचित मागेच असते. आता मागच्या पेन्सिलीखाली १ सेंमी. जाडीची वही सरकवा. हा झाला गतिरोधक. बाबा अर्धा सेंमी. उचलले गेले, आजी सुमारे पाऊण, आणि धाकटा १ सेंमी.पेक्षा जरा जास्तच. वही काढून पुढच्या पेन्सिलीखाली ठेवा. बाबा पुन्हा अर्धा, आजी फक्त पाव, धाकटा जागच्या जागी. म्हणजे बाबांना दोन अर्धे-अर्धे धक्के, आणि धाकट्याला एकच पण सबंध. शिवाय बाबांना खड्डा आधी दिसतो. ते सुकाणूचक्राला धरून सावध होतात. धाकट्याला तो फक्त कळतो!

प्रत्यक्षात दोन्ही धक्के एकदम बसत नाहीत. ताशी ३६ किमी. वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, मागचे चाक त्याच उंचवट्यावर पाव सेकंदाने पोचते. तोपर्यंत पुढचा भाग डोलू लागलेला असतो, आणि मग मोटार होडीसारखी नाक वर-शेपूट खाली करू लागते. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेच्या कॅडिलॅक कारखान्यात गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात यावर सुंदर प्रयोग केले. त्याने एका मोटारीला पुढे-मागे वजने टांगण्याची सोय केली, ती बदलत बदलत रस्त्यावर फिरवली आणि बसणाऱ्यांना काय वाटते ते नोंदले. निष्कर्ष असा निघाला, की मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा थोडी जलद डोलणारी हवी. मागचा भाग उशिरा डोलू लागतो, पण जलद असल्याने पुढच्याला गाठतो, आणि होडीसारखे डुलणे जाऊन सपाट वरखाली होणे उरते. आजही अभियंते हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवतात. पण वरचा हिशेब आठवा. सात माणसे बसली की मागची स्प्रिंग मंदावते आणि ऑलीचा बेत बिघडतो. भरलेल्या मोटारीत धक्का कमी, डुलणे जास्त.

आणि घाटात? गायमुखला डोंगर आणि खाडी यांच्यामधून रस्ता वळणे घेत जातो. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किमी. वेग ठेवला तर शरीराला बाजूने मिळणारा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सहाव्या हिश्शाइतका होतो. डावे वळण, उजवे वळण, पुन्हा डावे, दर पाच-सहा सेकंदांनी. ही तीच बोट लागण्याची वारंवारता आहे. वाहतूक खोळंबल्यावर थोडे पुढे, थांबा, थोडे पुढे, असे चालते तेव्हाही तीच. अंतर्कर्णातील द्रव मेंदूला सांगतो की आपण हलत आहोत. मागे बसलेल्याच्या डोळ्यांसमोर मात्र मधल्या आसनाची पाठ असते, नाही तर मोबाईल, आणि डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या विसंवादातून मळमळ उद्भवते. ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असे बसवा. हा उपाय बिनखर्चाचा आहे, फक्त मोठ्यांपैकी कोणीतरी मागे जायला तयार हवे.

आता उकाडा. दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट ऊर्जा येते. काचांमधून प्रकाश आत शिरतो, आसने तापतात, आणि त्यांनी उत्सर्जित केलेली दीर्घ लांबीची अवरक्त किरणे काचेतून बाहेर पडू शकत नाहीत. अशा प्रकारे साधारण एक किलोवॉटभर उष्णता मोटारीत येत असते. त्यात स्वस्थ बसलेला प्रत्येक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे सातजण मिळून जुन्या पद्धतीचे १०० वॉटचे सात दिवे! शिवाय तापलेले छत आणि रस्त्याची धग आहेच. वातानुकूलन यंत्राची शक्ती 'टना'त सांगतात. एक टन म्हणजे एक अमेरिकी टन (९०७ किग्रॅ.) बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उपसण्याची शक्ती, अर्थात साडेतीन किलोवॉट. हे यंत्र पुढे असते. शेवटच्या रांगेत छताला झरोके दिसले म्हणून समाधान मानू नका. काही मोटारींत मागे थंड करणारे स्वतंत्र वेटोळे असते, तर काहींत नुसता पंखा, जो पुढची उरलीसुरली थंड हवा मागे ढकलतो. दोन्हींचे झरोके दिसायला सारखेच. संध्याकाळी विरारहून ठाण्याकडे परतताना सूर्य पाठीशी असतो, आणि मागची मोठी काच शेवटच्या रांगेच्या मानेपासून वीतभर अंतरावर असते, हेही लक्षात घ्या. राहिले काचेचे छप्पर. ऊन आत यावे म्हणून जादा पैसे द्यायचे आणि ते येऊ नये म्हणून त्याखाली पडदा ओढायचा, यातले सुख मला तरी उमगलेले नाही.

उकाडा जाणवतो तरी, हवा कोंदल्याचे जाणवतही नाही. धूळ आणि डिझेलचा धूर नको म्हणून आपण आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून ठेवतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सातजणांचे झाले १२६ लिटर. मोटारीत हवा असते जेमतेम ४,००० लिटर. समजा मोटार पूर्ण बंद आहे. वीस मिनिटांत ४२ लिटर कार्बन डायऑक्साइड जमेल, म्हणजे एक टक्का. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ०.०४ टक्के आहे. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असते, त्यामुळे आकडा काहीसा कमी राहील. पण खोळंबलेल्या वाहतुकीत उभ्या मोटारीत ही आवकजावक फार थोडी असते. परिणाम काय? डोके जड होणे, जांभया, सुस्ती. मागचे झोपले तर बिघडत नाही, पण चालकही तीच हवा घेत असतो. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा बाहेरची हवा आत घ्यावी. समोर धूर ओकणारा ट्रक असेल तर तो पुढे जाईपर्यंत थांबून घ्यावी.

शेवटी पट्टा. हा आरामाचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. पण मागे पट्टा लावायचा नाही, याचे कारण घरोघरी एकच सांगतात, की तो टोचतो! ताशी ५४ किमी. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. हा वेग साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ चौथ्या मजल्यावरून पडल्यावर येणारा वेग आहे. मोटार आदळून थांबली तरी जडत्वामुळे आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. ५० किग्रॅ. वजनाच्या मुलाची गतिज ऊर्जा अशा वेळी सुमारे ५,६०० ज्यूल असते. मोटारीचा पुढचा भाग चुरगळताना पट्ट्याने त्याला मोटारीबरोबर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवले, तर सरासरी बल होते ११,००० न्यूटनच्या घरात. पट्टा नसेल तर तो समोरच्या आसनावर आदळून ५ सेंमी.त थांबेल, आणि बल दहापट होईल. ते त्याच्याबरोबर पुढे बसलेल्या आजीलाही बसेल. पूर्वीच्या दहा आसनी सुमोत मागे समोरासमोर बाके असत. त्यावर आडवे बसलेल्याला अशा वेळी धरून ठेवणारे काहीच नव्हते.

घोडबंदर रोड पुढे ज्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, त्याच महामार्गावर पालघर जिल्ह्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी, सर्व साधनांनी सज्ज मोटार कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघेही मागच्या आसनांवर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे तपासात सांगण्यात आले. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवरही पट्टा लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांत तेव्हाही बंधनकारक होते. खांदा आणि मांडी दोन्हींवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने १९५९ साली तयार केला. शेवटच्या रांगेत तो गादीखाली गेलेला असतो, तो बाहेर काढून ठेवा. डोक्याचा आधारही तेथे चालकाला मागचे दिसावे म्हणून खाली दाबलेला असतो. बसण्यापूर्वी तो कानांच्या उंचीपर्यंत ओढून घ्या, कारण मागून धडक बसली तर मान त्यावरच टेकायची असते. आणि मधले आसन आतून कोणत्या कळीने दुमडते, तेही एकदा स्वतः दुमडून पाहा. शेवटच्या रांगेला बहुधा स्वतःचे दार नसते.

शिक्षकांना वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. आजकालच्या मोबाईलमध्ये प्रवेग मोजणारा संवेदक असतो. जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने तयार केलेले 'फायफॉक्स' हे उपयोजन त्याचा आलेख काढून देते आणि ते विनामूल्य आहे. सोसायटीच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावरून ताशी १० किमी. वेगाने मोटार तीनदा न्यायची, मोबाईल एकदा पहिल्या रांगेत, एकदा मधल्या आणि एकदा शेवटच्या. मग हेच सातजण बसवून पुन्हा तीनदा. सहा आलेखांतील सर्वांत उंच टोके मोजा आणि एका सेकंदात किती डोलणी झाली तेही पाहा. मोबाईल आसनाजवळच्या जमिनीवर चिकटपट्टीने पक्का बसवा. हातात धरला तर आलेख निराळाच येईल, कारण आपला हातही एक स्प्रिंगच आहे.